लेलेटी खुमालोचं करिअर समजून घ्यायला आधी कायदे का वाचावे लागतात

सराफिना हा पिक्चर मी कॉलेजात असताना एका मित्राच्या कम्प्युटरवर बघितला होता आणि यस्टरडे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तो अर्ध्यावर येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की दोन्हीकडे बाई एकच आहे. एकीकडे शाळेचा गणवेश घातलेली, पाय जमिनीवर ठरत नाहीत अशी नाचणारी पोरगी, दुसरीकडे डोक्याला फडकं बांधून मुलीचा हात धरून उन्हात मैलोन्‌मैल दवाखान्याकडे चालत जाणारी आई. त्या रात्री मी तिच्याबद्दल वाचायला बसलो आणि वाचता वाचता एका अभिनेत्रीच्या नादाने अख्खा दक्षिण आफ्रिका वाचून झाला, म्हणून हे लिहितोय.

आधी नाव. लेलेटी खुमालो, दक्षिण आफ्रिकेची अभिनेत्री. रोमन लिपीत तिच्या आडनावात के आणि एच लागोपाठ येतात, त्यामुळे इंग्रजी वाचणारे लोक त्याचं काहीही करतात, पण झुलू भाषेत तो सरळ आपला ख आहे, खमंग मधला ख, त्यामुळे देवनागरीत हे नाव रोमनपेक्षा जास्त बरोबर लिहिता येतं. मला ही गोष्ट फार आवडली.

आता, तिचं करिअर असं चार ओळीत सांगता येईल की टाउनशिपमधली मुलगी, नाटकात निवड, १७ व्या वर्षी न्यूयॉर्कमधलं ब्रॉडवे, मग पिक्चर, मग ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेलेला दुसरा पिक्चर, मग टीव्हीवरच्या मोठ्या मालिका. झालं. पण असं सांगितलं की ती एक नशीबवान मुलगी वाटते, आणि तसं नाहीये. तिच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी सरकारने केलेला एखादा नियम आडवा पडलेला आहे, कुठे राहायचं याचा, कुठल्या भाषेत शिकायचं याचा, नवरा-बायकोने कुठे राहायचं याचा सुद्धा. ते नियम कळले नाहीत तर तिने काय केलं तेच कळत नाही.

तिचा जन्म ३० मार्च १९७० चा, क्वामाशूमधला. क्वामाशू म्हणजे डर्बन शहराच्या उत्तरेला असलेली टाउनशिप. टाउनशिप हा शब्द आपल्याकडे बिल्डरच्या जाहिरातीत येतो, क्लब हाऊस, स्विमिंग पूल वगैरे, तो अर्थ पूर्ण विसरून जा. वर्णभेदाच्या काळातली टाउनशिप म्हणजे काळ्या लोकांनी शहरात कामाला यायचं पण शहरात राहायचं नाही म्हणून शहराबाहेर एकसारख्या छोट्या घरांच्या रांगा उभारून वसवलेली वस्ती. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कुठल्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं हे ठरवून टाकलं, आणि १९५८ पासून डर्बनच्या केटो मॅनर भागातली काळी कुटुंबं उठवून क्वामाशूत नेऊन टाकली. नाव सुद्धा मार्शल कॅम्पबेल नावाच्या एका गोऱ्या ऊसमळेवाल्याचं, माशू म्हणजे मार्शल. हे तेच नाताळ प्रांतातले उसाचे मळे जिथे १८६० पासून आपल्याकडची माणसं गिरमिटिया म्हणून जहाजं भरभरून नेली, आणि गांधीजींनी १९०४ मध्ये वसवलेला फिनिक्स आश्रम या क्वामाशूच्या अगदी शेजारी आहे. म्हणजे ज्या जागेबद्दल बोलतोय ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

वडील ती अगदी लहान असतानाच गेले, आईने गरिबीत पोरं वाढवली. आणि ती शाळेत गेली ती बांटू एज्युकेशनच्या शाळेत. हा मुद्दा नीट समजून घेऊ कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

१९५३ च्या बांटू एज्युकेशन कायद्याने काळ्या मुलांचं शिक्षण वेगळं काढलं, मिशनऱ्यांच्या चांगल्या शाळांचं अनुदान तोडून त्या सरकारच्या ताब्यात घेतल्या किंवा बंद पाडल्या, आणि अभ्यासक्रम असा केला की मुलगा मोठा झाल्यावर कुणाच्या तरी हाताखाली काम करण्यापुरतं शिकेल. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, व्हेरवुर्ड नावाच्या मंत्र्याने, जो पुढे पंतप्रधान झाला, हे उघड उघड सांगितलं होतं. १९७५-७६ साली सरकार एका गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड (तिथलं चलन) खर्च करत होतं, भारतीय वंशाच्या मुलामागे १८९, मिश्र वंशाच्या मुलामागे १३९ आणि काळ्या मुलामागे ४२. हे आकडे एका खाली एक लिहून बघा, वर्णभेद म्हणजे काय ते लांबलचक व्याख्येपेक्षा लवकर कळतं.

त्यावर १९७४ मध्ये भाषेचा नियम आला. काळ्या मुलांच्या शाळांमध्ये गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्स भाषेत शिकवायची. आफ्रिकान्स ही डच वसाहतवाल्यांपासून तयार झालेली भाषा, सत्ताधाऱ्यांची, पोलिसांची. घरात झुलू नाहीतर सोथो बोलणाऱ्या, कशीबशी इंग्रजी शिकलेल्या मुलाला एक दिवस सांगायचं की आता गुणाकार-भागाकार या तिसऱ्या भाषेत, आणि शिक्षकाला स्वतःला सुद्धा ती भाषा धड येत नाही. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत हजारो विद्यार्थी याविरुद्ध मोर्चाने निघाले, मॉरिस आयझॅकसन ही त्यातली एक महत्त्वाची शाळा होती, आणि पोलिसांनी मुलांवर गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा लहान मुलगा गेला, त्याला उचलून पळणारा मुलगा आणि शेजारी हंबरडा फोडत धावणारी बहीण असा सॅम न्झिमा यांनी काढलेला फोटो जगभर गेला. सरकारी आकडा १७६ मृत्यूंचा, दुसरे अंदाज ७०० पर्यंत जातात. लेलेटी तेव्हा सहा वर्षांची होती, तीही सोवेटोत नाही, डर्बनला. पण अकरा वर्षांनी हीच गोष्ट तिच्या अंगावर गणवेश बनून आली.

क्वामाशूत अमाजिका नावाचा पोरांचा ग्रुप होता, गायिका तू नोक्वे त्यांना नाच, गाणं, अभिनय शिकवायच्या, कुठलं मोठं सभागृह वगैरे नाही, घराच्या मागच्या अंगणात. लेलेटी तिथली. १९८५ च्या सुमारास एम्बोंगेनी एन्गेमा हे नाटककार आपल्या सराफिना या नव्या नाटकासाठी टाउनशिपमधली मुलं शोधत होते, तिथे तिने ऑडिशन दिली आणि त्यांनी तिला निवडलं, पुढे मुख्य भूमिका तिच्याच भोवती बांधली गेली. एन्गेमा तेव्हा नवखे नव्हते, वोझा आल्बर्ट हे त्यांचं दोनच नटांचं नाटक आधीच परदेशात गाजलेलं होतं. सराफिनाची कल्पना नेल्सन मंडेलांच्या तेव्हाच्या पत्नी विनी यांच्याशी बोलताना सुचली असं ते सांगायचे. त्यांनी वीसेक पोरं जमवली, त्यातल्या बहुतेकांनी कधी रंगमंच बघितला सुद्धा नव्हता, आणि महिनोन्‌महिने सोबत ठेवून आवाज, श्वास, नाच, सगळं पक्कं करून घेतलं. लेलेटीचं जे काही ड्रामा स्कूल म्हणायचं ते हेच.

इथे कुणालाही प्रश्न पडेल, मला तरी पडला, की देशात आणीबाणी लागलेली असताना असं सरकारविरोधी नाटक होऊच कसं शकत होतं. १९८५ मध्ये काही भागात आणि जून १९८६ पासून अख्ख्या देशात आणीबाणी होती, हजारो शाळकरी मुलं खटल्याशिवाय तुरुंगात होती, मंडेलांचा फोटो छापायला बंदी होती. याचं उत्तर एका जागेत आहे, जोहान्सबर्गचं मार्केट थिएटर. बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम यांनी हे थिएटर जून १९७६ मध्येच, सोवेटोत गोळ्या चालल्या त्याच आठवड्याच्या आसपास, सुरू केलं, आणि कुठे तर शहरातल्या जुन्या इंडियन फ्रूट मार्केटच्या इमारतीत, भारतीय फळवाले जिथे धंदा करायचे तिथे. सरकारी पैसा घ्यायचा नाही आणि प्रेक्षकांमध्ये काळा-गोरा करायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं. कायद्यात ते बसत नव्हतं. पण सरकारला जगाला दाखवायला थोडं मोकळं वातावरण हवंच होतं, आणि शेदोनशे माणसांसमोर होणाऱ्या नाटकापेक्षा रेडिओ, टीव्ही आणि वर्तमानपत्रांवर त्यांचं लक्ष जास्त होतं, त्यामुळे या एका फटीतून बरंच काही निसटलं. माझं मत असं की दडपशाहीच्या काळात नाटक टिकतं ते यामुळेच, प्रयोग संपला की हातात पकडायला काही उरत नाही.

सराफिना तिथे जून १९८७ मध्ये आलं. गोष्ट साधी आहे. मॉरिस आयझॅकसन शाळेतली मुलं वर्षाच्या शेवटी एक नाटक बसवतायत, मंडेला सुटून आले तर काय होईल याचं नाटक, आणि सराफिना नावाची मुलगी त्यात मंडेला होते. मंडेला तेव्हा तुरुंगात, कधी सुटतील याची कुणालाही खात्री नाही, त्यांचा ताजा फोटो सुद्धा वर्षानुवर्षं कुणी बघितलेला नाही, आणि १७ वर्षांची एक मुलगी रोज रात्री त्यांच्या जागी उभी राहून स्वातंत्र्याचं भाषण करते. ते खरोखर सुटले ११ फेब्रुवारी १९९० ला. म्हणजे लेलेटीने ते आधी शेकडो वेळा करून दाखवलं होतं! मला तिच्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती विचाराल तर पुरस्कार वगैरे बाजूला ठेवून मी हेच सांगेन.

नाटकाचं संगीत म्बकांगा ढंगाचं, टाउनशिपमध्ये तयार झालेलं, गिटार आणि ब्रासच्या ठेक्यावर पाय आपोआप हलवणारं. एन्गेमांसोबत ट्रंपेटवादक ह्यू मासेकेला यांनी ते केलं, आणि मासेकेला १९६० पासून देशाबाहेर होते. या नाटकाला काही लोकांनी नावं ठेवली की एवढ्या दुःखाच्या विषयावर एवढा नाच कसला. पण तिथल्या अंत्ययात्रेत सुद्धा लोक नाचत असत, तोयी-तोयी म्हणतात त्याला, गुडघे उचलत जागच्या जागी उड्या मारत घोषणा द्यायच्या, एकाने ओरडायचं अमांडला, म्हणजे सत्ता, बाकीच्यांनी ओरडायचं अवेथू, म्हणजे आमची. बंदुकीसमोर घोळक्याने उभं राहायचं तर भीती घालवायला शरीराला काहीतरी करावं लागतं. हा नाच करमणुकीचा नव्हताच मुळी.

पुढची पायरी अमेरिका, आणि इथे अजून एक नियम, यावेळी उलट्या बाजूचा. वर्णभेदी सरकारला एकटं पाडायचं म्हणून संयुक्त राष्ट्रांनी १९६८ पासून दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक देवाणघेवाण थांबवा असं आवाहन केलेलं होतं. तिकडे गायला जायचं नाही, तिकडची नाटकं बोलवायची नाहीत. आपल्याला हे नवीन नाही, भारताने तर १९४६ मध्येच, सगळ्यांच्या आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, घरातल्या कुणाचा जुना पासपोर्ट असेल तर काढून बघा, दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही असा उल्लेख त्यात सापडतो, आणि १९७४ मध्ये आपली टेनिस टीम डेव्हिस कपच्या फायनलला पोचली होती तेव्हा समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून आपण खेळलोच नाही. तर अडचण अशी झाली की या बहिष्कारात सरकारविरुद्ध लढणारे कलाकारही अडकायला लागले. १९८० च्या दशकात याच्यावर खूप कडाक्याचे वाद झाले, आणि हळूहळू असा विचार पुढे आला की सरकारच्या बाजूचं जे असेल ते अडवा, लढणाऱ्यांचं जे असेल त्याला वाट द्या. सराफिना उघडच दुसऱ्या बाजूचं होतं.

ऑक्टोबर १९८७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या २९९ खुर्च्यांच्या छोट्या थिएटरात लागलं. तिकिटं मिळेनात अशी परिस्थिती झाल्यावर २८ जानेवारी १९८८ ला ते ब्रॉडवेवरच्या कोर्ट थिएटरात गेलं, हजारेक खुर्च्यांचं, आता त्याला जेम्स अर्ल जोन्स यांचं नाव आहे. तिथे २ जुलै १९८९ पर्यंत ५९७ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात, म्हणजे एक दिवस सुट्टी, बाकी रोज एक आणि त्यातल्या दोन दिवशी दोन-दोन, आणि गाणं-नाच-मार खाणं असलेलं नाटक असं दीड वर्ष रोज करणं म्हणजे शरीराचं काय होत असेल ते आपल्याकडचे नाटकवाले बरोबर सांगतील. त्यात ही सगळी पोरं घरापासून हजारो किलोमीटर लांब, आणि घरी आणीबाणी चालू. या मुलांवर १९८८ मध्ये एक डॉक्युमेंटरी निघाली, त्यात देशाबाहेर काढलेल्या गायिका मिरियम मकेबा त्यांना भेटायला येतात तो भाग जरूर बघावा, शब्दात सांगण्यासारखा नाही.

ब्रॉडवेच्या नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्काराबद्दल थोडं, कारण इथे लोकांचा घोळ होतो. सराफिनाला पाच नॉमिनेशन मिळाली, त्यातलं एक लेलेटीला, तेव्हा ती १८ ची. पण ते मुख्य अभिनेत्रीचं नव्हतं, फीचर्ड म्हणजे सहाय्यक भूमिकेचं होतं. नाटकाचं नावच जिच्यावरून आहे ती सहाय्यक कशी? तर टोनीमध्ये हे भूमिका केवढी आहे यावर सहसा ठरत नाही, श्रेयनामावलीत तुमचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलंय की खाली यावर ठरतं. वर असेल तर मुख्य, खाली असेल तर सहाय्यक, समितीने वेगळं ठरवलं नाही तर. आणि वर नाव छापून घेतात ते आधीच स्टार झालेले लोक, क्वामाशूहून आलेली पोरगी नव्हे. पाचातलं एकही मिळालं नाही. सराफिना ब्रॉडवेवर आलं त्याच आठवड्यात, दोनच दिवस आधी, फँटम ऑफ द ऑपेरा तिथे आलं होतं, सर्वोत्कृष्ट म्युझिकल ते झालं आणि लेलेटीच्या विभागातला पुरस्कारही त्यातल्याच ज्युडी के यांना गेला.

मग पिक्चर. १९९२ चा सराफिना, दिग्दर्शक डॅरेल रूट, निर्माते अनंत सिंग. हे अनंत सिंग डर्बनचेच, भारतीय वंशाचे, आणि लेलेटीच्या गोष्टीत ते परत परत येतात, तेव्हा नाव लक्षात ठेवा. अमेरिकेतून हूपी गोल्डबर्ग आली, तिने शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचं काम केलं, पुस्तकाबाहेरचा इतिहास शिकवणाऱ्या आणि त्यासाठी पकडून नेलेल्या. शूटिंग सोवेटोतच. आणि सराफिनाच्या आईच्या भूमिकेत, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या, मिरियम मकेबा, ३१ वर्षं देशाबाहेर काढून १९९० मध्ये परत आलेल्या. १९५९ च्या किंग काँग या म्युझिकलमध्ये मकेबांनी काम केलं होतं, टाउनशिपमधल्या बाईने मोठ्या रंगमंचावर उभं राहायची वाट तिथून पडलेली, आणि इथे ती वाट पाडणारी बाई आई आणि त्या वाटेने आलेली मुलगी लेक.

पिक्चर नाटकापेक्षा कडक आहे. मुलं एका काळ्या पोलीस शिपायाला जिवंत जाळतात आणि सराफिना त्या घोळक्यात आहे, पिक्चर ते लपवत नाही. नंतर तिला पकडतात, छळ करतात, आणि त्यानंतरचा लेलेटीचा चेहरा बघा, आधीच्या सगळ्या गाण्यांमधला उजेड गेलेला असतो आणि त्यासाठी ती काही म्हणजे काही करत नाही, नुसती बसते. पाच वर्षं रंगमंचावर मागच्या रांगेपर्यंत पोचायला सगळं मोठं मोठं करायची सवय लागलेल्या नटीला कॅमेऱ्यापुढे एवढं बारीक करता येणं सोपं नसतं, तिने ते २२ व्या वर्षी केलं.

त्यानंतरच्या वर्षांतलं मी भरभर सांगतो. १९९२ मध्येच तिचं एन्गेमांशी लग्न झालं, पुढे ते मोडलं. १९९५ च्या क्राय द बिलव्हेड कंट्रीमध्ये एक भूमिका, २००४ च्या हॉटेल रवांडात एक, २००९ च्या इन्व्हिक्टसमध्ये छोटीशी. हॉलिवूडचे लोक आफ्रिकेत शूटिंगला येतात तेव्हा मुख्य भूमिकांना बाहेरचे स्टार आणतात आणि तिथल्या मोठ्या नटांना दोन-तीन सीन देतात, लेलेटीच्या वाट्यालाही तेच आलं. हे मला खरंच खटकतं.

आता यस्टरडे. आणि त्याच्यासाठी अजून एक नियम.

वर्णभेदी व्यवस्थेला काळ्या पुरुषांची मजुरी खाणीत हवी होती पण त्यांची कुटुंबं शहरात नको होती. म्हणून पुरुषाने पास, म्हणजे शहरात राहायचा सरकारी परवाना, घेऊन एकट्याने जायचं, खाणीच्या हॉस्टेलमध्ये खोलीत कोंबून राहायचं, बायको-मुलांनी गावाकडे थांबायचं, वर्षातून एखाददोन वेळा भेट. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. पासचे कायदे १९८६ मध्ये गेले, वर्णभेद १९९४ मध्ये गेला, पण ही घडी तशीच राहिली कारण गावात काम नव्हतंच. आणि मग एचआयव्ही आला. एकटे पुरुष, हॉस्टेलच्या आजूबाजूचा धंदा, सहा महिन्यांनी घरी फेरी, विषाणूला याच्यापेक्षा सरळ रस्ता कुणी आखून दिला नसता. त्यात सरकारचा गोंधळ. १९९५ मध्ये आरोग्य खात्याने एड्सच्या जागृतीसाठी एन्गेमांनाच सराफिना २ नावाचं नाटक करायला दिलं, १.४२ कोटी रँडचं कंत्राट, त्यावर एवढा गदारोळ झाला की चौकशी लागली आणि नाटक गुंडाळावं लागलं. नंतर राष्ट्राध्यक्ष एम्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत बसले, आरोग्यमंत्री बीट आणि लसूण खा म्हणत होत्या, आणि सरकारी दवाखान्यांतून औषधं मिळायला सुरुवात झाली ती २००४ मध्ये. आणि डिसेंबर १९९८ ची गोष्ट, क्वामाशूच्या शेजारच्या वस्तीतली गुगू ड्लामिनी, तिने झुलू रेडिओवर उघड सांगितलं की मला एचआयव्ही आहे, आणि थोड्याच दिवसांत तिला जमावाने मारून टाकलं. लेलेटी जिथे जन्मली तिथून जवळच.

हे सगळं डोक्यात ठेवून यस्टरडे बघा. ड्राकेन्सबर्ग डोंगररांगेच्या पायथ्याशी एक खेडं, यस्टरडे नावाची बाई, कालचा दिवस आजच्यापेक्षा बरा होता असं वडिलांना वाटायचं म्हणून त्यांनी हे नाव ठेवलेलं. नवरा जोहान्सबर्गला खाणीत. ती आजारी पडते, लहान मुलगी ब्यूटीला घेऊन चालत दवाखान्यात जाते, दिवसभर रांगेत बसते, नंबर यायच्या आत डॉक्टरांची वेळ संपते. पुढच्या आठवड्यात परत. शेवटी कळतं काय झालंय. नवऱ्याला सांगायला शहरात जाते तर तो मारतो, आणि काही महिन्यांनी तोच मरायला टेकलेला घरी येतो. गाव त्याला ठेवून घ्यायला तयार नाही, म्हणून ती गावाबाहेर भंगारातले पत्रे गोळा करून स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी खोपटं बांधते. आणि एकच गोष्ट धरून बसते, ब्यूटी शाळेत जाईपर्यंत मी मरणार नाही.

सबंध पिक्चरभर लेलेटी आवाज चढवत नाही. बातमी कळते तेव्हा सुद्धा रडारड नाही. गरीब बाईचं दुःख दाखवायचं म्हणजे टाहो फोडायचा ही आपल्याला पिक्चरवाल्यांनी लावलेली सवय आहे, तिने ती इथे पूर्ण बाजूला ठेवली. ती पाणी भरते, पाटा-वरवंट्यासारख्या कामाला लागते, चालते, आणि चालण्यावरून तुम्हाला कळतं की आज किती दम राहिलाय.

दिग्दर्शक परत रूट, निर्माते परत अनंत सिंग. आणि भाषा झुलू, पूर्ण लांबीचा पहिला व्यावसायिक झुलू चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. देशातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याची मातृभाषा, तरी २००४ उजाडावं लागलं. आणि गंमत बघा, ऑस्करच्या परभाषेतल्या चित्रपटांच्या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि तो इंग्रजीत चालत नाही, म्हणजे झुलूत केला म्हणूनच ते दार उघडलं. या विभागात नॉमिनेशन मिळालेला दक्षिण आफ्रिकेचा हा पहिला चित्रपट. पुरस्कार त्यावर्षी स्पेनच्या द सी इनसाइडला गेला, आणि पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या त्सोत्सीने तो घेतला, तोही टाउनशिपच्या बोलीतला. ज्या देशात परकी भाषा लादली म्हणून शाळकरी मुलं रस्त्यावर आली आणि मारली गेली, तिथली बाई २८ वर्षांनी आपल्या भाषेत बोलत तिथवर गेली.

टीव्हीचं कमी लेखू नका. दक्षिण आफ्रिकेत टीव्हीच १९७६ मध्ये आला, आणि काळ्या लोकांच्या भाषांना वेगळं चॅनल मिळालं १९८२ मध्ये. आज मात्र तिथले नट घर चालवतात ते रोजच्या मालिकांवर, सोप ऑपेरावरून ‘सोपी’ म्हणतात त्यांना तिकडे. लेलेटी २००५ च्या सुमारास जनरेशन्समध्ये आली, मग २०१५ मध्ये उझालो सुरू झाली, देशातली सगळ्यात जास्त बघितली जाणारी मालिका झाली ती, आणि तिचं गाव कुठलं तर क्वामाशू. झुलू बोलणारी, क्वामाशूत घडणारी मालिका आणि त्यात क्वामाशूची लेलेटी, झान्डिले नावाच्या भूमिकेत.

त्यानंतर २०१८ मध्ये इम्बेवू, त्यात तिचं नाव मा-झुलू. झुलू लोकांमध्ये लग्न झालेल्या बाईला मान देऊन हाक मारायची तर मा लावून पुढे तिचं माहेरचं कुळ घेतात, लेलेटीला म्हणायचं तर मा-खुमालो. लग्नाने माहेरचं नाव पुसलं जात नाही, उलट तेच मानाचं होतं.

आणि या मालिकेत तिने आणखी एक गोष्ट केली. तिला तरुणपणापासून कोड आहे. वर्षानुवर्षं ते मेकअपखाली झाकलेलं होतं, मा-झुलूची भूमिका करताना तिने ते झाकलं नाही. हात, चेहरा, पांढरे डाग, जसं आहे तसं, रोज संध्याकाळी लाखो घरांत. कोड म्हणजे काय, तर शरीराची रोगप्रतिकारक शक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते आणि तिथला रंग जातो, बाकी काही नाही. ते कुणाला लागत नाही, शिवून होत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, पण आपल्या भाषेतच श्वेतकुष्ठ असा शब्द असल्यामुळे किती मुलींची स्थळं मोडली असतील कुणास ठाऊक. माझ्या आत्याला कोड होतं. लग्नकार्यात ती पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून कोपऱ्यात बसायची, मे महिन्यात सुद्धा, आणि आम्ही पोरं विचारायचो की आत्या तुला उकडत नाही का. काळ्या त्वचेवर पांढरा डाग लपत नाही, आणि चेहरा हेच जिचं भांडवल आहे त्या बाईने तो कॅमेऱ्यासमोर उघडा ठेवला. आत्या असती तर तिला मी पहिला हाच एपिसोड दाखवला असता.

बघायचं असेल तर सराफिना आधी बघा, मग थोडे दिवस जाऊ द्या, मग यस्टरडे. आणि यस्टरडेच्या शेवटी थांबून बघा. ब्यूटीचा शाळेचा पहिला दिवस आहे, नवा गणवेश घालून ती बाकीच्या मुलांमध्ये आत जाते. जिने सोळा-सतराव्या वर्षापासून तो गणवेश रंगमंचावर अंगावर वागवला ती आता बाहेर उभी आहे, आणि मुलगी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहते.